गढीवरच्या वाड्याचं छायाचित्रण: प्रकल्प नोंदी, डिसेंबर २०२४ ते फेब्रुवारी २०२५

जिल्हा धाराशिव, तुळजापूर-नळदुर्ग पट्ट्यातलं एक गाव. गावाचं आणि घराण्याचं नाव या नोंदींत घातलेलं नाही. वाड्याचे हिस्सेदार आणि गावातली मुसलमान घरं, दोघांनीही घातलेली ही एकच सामाईक अट, आणि ती आम्हाला पटते.

काम दोन प्रकारचं. एक, वाड्याची मोजता येईल अशी चित्रनोंद, कारण चौकाच्या उत्तरेचा सोपा, म्हणजे पडवीसारखी बाजू, पुढचा पावसाळा काढेल असं वाटत नाही. दोन, गावातल्या शाळेत लावायचे १४ फलक. पहिलं काम तंत्राचं. दुसरं अवघड, कारण १९४८ साली या वाड्यात काय घडलं यावर गाव अजून दुभंगलेलं आहे.

सरळ मांडायचं तर असं. १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरहून निघालेलं भारतीय सैन्याचं मुख्य दळ नळदुर्गाच्या वाटेनं हैदराबादकडे सरकलं. १७ ला निजामानं शरणागती जाहीर केली, १८ ला निजामाचे सेनापती जनरल एल एद्रूस यांनी भारतीय सैन्याच्या जनरल जयंतनाथ चौधरींपुढे ती रीतसर पत्करली. गावातली पहिली सांगी, म्हणजे तोंडी चालत आलेली हकीकत, अशी की त्याआधीचं वर्षभर ढेलजेवरच्या (दरवाजाआतल्या ओसरीवरच्या) कचेरीत रझाकारांचं ठाणं होतं, आणि दरवाजावरच्या गोळ्या त्यांना हुसकून लावतानाच्या. दुसरी सांगी अशी की ठाणं कधी नव्हतंच. रझाकारीत इथे हिंदू बायापोरं लपली, ‘अ‍ॅक्शन’नंतर (सैन्याच्या या कारवाईनंतर) मुसलमान बायापोरं लपली, आणि गोळ्या या दुसऱ्या खेपेच्या, आत लपलेल्यांवर झाडलेल्या. दोन्ही सांग्यांना मागचा इतिहास आहे. रझाकारांची जाळपोळ आणि खून या भागानं भोगले. अ‍ॅक्शननंतर मुसलमानांची झालेली कत्तल केंद्र सरकारनं पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं त्याच वर्षाअखेरीस गावोगाव फिरून लिहून ठेवली. सगळ्यात जास्त झळ लागलेल्या चार जिल्ह्यांत तेव्हाचा उस्मानाबाद होता. तो अहवाल कित्येक दशकं लोकांपुढे आलाच नाही.

२६ डिसेंबर २०२४, गुरुवार. पाहणी

वाडा पूर्वाभिमुख, चौसोपी, दुमजली. खाली घडीव काळा दगड, वर विटा. मधला चौक ११ बाय ११ मीटर, भिंतींची उंची चौकातून सुमारे ६ मीटर. ईशान्येला आणि आग्नेयेला बुरूज; आग्नेयेचा अर्धा ढासळलेला. दरवाजातून आत आलं की ढेलज, तिच्या डोक्यावर कचेरी, तिथे जायला भिंतीतला दगडी जिना, रुंदी ६२ सेंटिमीटर. मोठा ट्रायपॉड उघडून नेता येत नाही, मिटूनच न्यायचा.

उत्तरेच्या सोप्यावरचं माळवद (मातीचं सपाट छप्पर) खचलंय. तुळया शाबूत आहेत, पण वरची दीड-दोन फूट पांढरी माती पाणी पिऊन जड झाली आणि मधल्या कड्या मोडल्या. खालून टॉर्च मारली तर तक्तपोशीच्या (छताच्या लाकडी फळ्यांच्या) फटींतून माती अजून गळताना दिसते. या सोप्यात कोणी पाय ठेवायचा नाही. दोरी बांधली. इथले सगळे फोटो चौकातून, लांब लेन्सनं.

परवानगी. वाडा संरक्षित स्मारकांच्या यादीत नाही, त्यामुळे प्रश्न फक्त मालकीचा. गावठाणातली मिळकत म्हणून सातबारा नाही. ग्रामपंचायतीतून नमुना नंबर ८ चा उतारा काढला. हिस्सेदार ५. पाचांच्याही लेखी सह्या मिळेपर्यंत कॅमेरा बाहेर काढायचा नाही असं ठरलं. एका भावाच्या तोंडी होकारावर काम सुरू करायचं आणि निम्म्यावर दुसऱ्यानं कुलूप घालायचं, हे वाड्यांच्या कामात नेहमी होतं. संमतिपत्रात तीन गोष्टी वेगवेगळ्या विचारल्या: फोटो काढणं, शाळेत लावणं, इंटरनेटवर टाकणं. तिसऱ्याला दोघांनी नकार दिला, म्हणजे सगळ्यांचाच नकार धरला.

ऊन. इथल्या रेखांशावर सूर्य माथ्याच्या रेषेवर येतो तो घड्याळात १२ ला नव्हे, डिसेंबरअखेर १२:२७ च्या सुमारास. तेव्हा तो बरोबर दक्षिणेला, उंची साधारण ४९ अंश. त्यामुळे पूर्वेच्या दर्शनी भिंतीवर ११:३० ला ऊन भिंतीशी १३ अंशांनी पडतं आणि १२ ला ६ अंशांनी. दगडावरचा प्रत्येक टाकीचा घाव उठून दिसतो तो या अर्ध्या तासात. सकाळी ८-९ चं समोरून येणारं ऊन फोटोला गोड दिसतं, पण भिंत सपाट करून टाकतं.

२८ डिसेंबर, शनिवार. साहित्य

कॅमेरा ४५ मेगापिक्सेल, पूर्ण फ्रेम. लेन्स तीन: २४ मिमी टिल्ट-शिफ्ट दर्शनी भागासाठी, ३५ मिमी फोटोग्रामेट्रीसाठी (पुष्कळ फोटो जोडून मोजता येणारं त्रिमितीय मॉडेल करणं), १०० मिमी मॅक्रो खुणांसाठी. फ्लॅश २, रेडिओ ट्रिगर. साडेचार मीटरपर्यंत उघडणारी काठी. २४ चौकोनांचा रंगतक्ता. एक मीटरच्या मोजपट्ट्या २, लेसर मीटर, सांकेतिक खुणांचे कागद १२ (मॅट छपाई, चकचकीत कागदावर उजेड चमकला की सॉफ्टवेअर खूण ओळखत नाही). साडेपाच मिमी जाडीचा एंडोस्कोप, म्हणजे भोकात घालायचा नळीसारखा कॅमेरा. बळद (भिंतीतली धान्याची कोठी) आणि माजघरासाठी एन-९५ मास्क, कारण आत वटवाघळांची विष्ठा आहे.

खुणांचे कागद भिंतीला चिकटवायचे नाहीत. चिकटपट्टी काढताना चुन्याचा पापुद्रा निघतो, आणि या भिंतींवर चुन्याचे थर हाच एक पुरावा आहे. कागद पुठ्ठ्यावर लावून दोऱ्यानं खुंट्यांना अडकवले, उरलेले जोत्यावर टेकवले.

३० डिसेंबर, सोमवार. वेळ अमावस्या. चौक

मुद्दाम हा दिवस धरला. आज सगळा गाव शेतात. आंबिल, भज्जी, उंडे घेऊन माणसं पहाटेच बाहेर पडली. वाड्यात भांडेकुंडे, दोरीवरचे कपडे, मोटरसायकली काही नाही. फोटोग्रामेट्रीत हलणारी कुठलीही गोष्ट खोटा आकार तयार करते, आणि एरवी या चौकात रोज ४ म्हशी असतात.

ऊन चौकात उतरण्याआधी काम उरकायचं, नाहीतर सावलीची कड दर मिनिटाला सरकते आणि शेजारशेजारचे फोटो जुळत नाहीत. सूर्योदय ६:५५. पूर्वेची भिंत आडवी असल्यानं पश्चिमेच्या भिंतीचा वरचा दीड-दोन मीटर भाग ७:४० ला उजळतो. म्हणजे हातात पाऊण तास.

हिशोब असा. भिंतीपासून ४ मीटर, ३५ मिमी लेन्स: एका फोटोत ४.१ मीटर रुंदी येते, एक पिक्सेल म्हणजे भिंतीवरचा अर्धा मिलिमीटर. शेजारच्या फोटोंत ७५ टक्के भाग सामाईक हवा, म्हणून दर मीटरला एक जागा. चार बाजूंच्या ४४ जागा. प्रत्येक जागेवर एक सरळ, एक डावीकडे तिरका, एक उजवीकडे तिरका: १३२ फोटो. हे तीन उंचीवर, दीड, तीन आणि साडेचार मीटर, म्हणजे एकूण ३९६. एका पाऊण तासात फक्त एक फेरी होते.

एफ ८, आयएसओ २००, फोकस हातानं लावून रिंगला चिकटपट्टी. उजेड वाढत गेला तसं फक्त शटर बदललं. व्हाइट बॅलन्स पक्का, आपोआप नाही.

सकाळची फेरी पार पडली. संध्याकाळची, तीन मीटरची, ५:१५ ते ५:५०, काठीवरून. इथे चूक झाली. काठी वाऱ्यानं डोलते हे माहीत होतं, तरी शटर १/६० ठेवलं. रात्री तपासलं तर १३२ पैकी ३७ फोटो हललेले. काठीवर १/२५० च्या खाली जायचं नाही, त्यासाठी आयएसओ ८०० करावं लागलं तरी चालेल. मॉडेलला बारीक दाण्यानं काही होत नाही, हलल्यानं होतं.

३१ डिसेंबर, मंगळवार

साडेचार मीटरची फेरी आणि कालचे ३७ पुन्हा. माणसं घरी. ईशान्य कोपऱ्यात एका जागी धुणं वाळत होतं, ते काढून मागितलं. आजींनी काही न विचारता काढलं. लेसरनं चौकाचे दोन्ही कर्ण मोजले. मॉडेलमधली पश्चिम बाजू ११.०५ मीटर, फितीनं ११.०४. चालेल.

४ जानेवारी २०२५, शनिवार. दरवाजा

ज्याच्यावरून सगळा वाद आहे तो हा दरवाजा. सागवानी, दोन फळ्यांचा, उंची ३.२ मीटर, उजव्या फळीत दिंडी, म्हणजे छोटं दार. लोखंडी अणकुच्या खिळ्यांच्या ७ ओळी, बरेच खिळे गेलेले. गावात सगळे म्हणतात, ‘अकरा गोळ्या आहेत, मोजा.’ मोजल्या. भोकं ११ आहेत.

दरवाजा कमानीच्या ६० सेंटिमीटर आत बसतो, त्यामुळे ११:३० चं ऊन त्याच्यापर्यंत पोचतच नाही. फ्लॅशच. फ्लॅश फळीपासून दीड मीटर लांब, फळीशी १० ते १५ अंश, कॅमेरा समोर, न हलवता. प्रत्येक भोकाचे चार फोटो: उजेड वरून, खालून, डावीकडून, उजवीकडून. एकाच बाजूनं उजेड टाकला तर डोळा फसतो आणि खड्डा उंचवट्यासारखा दिसतो, विशेषतः उजेड खालून असला तर. म्हणून छापायला वर-डावीकडचा, बाकीचे तीन नोंदीत. शेजारी मिलिमीटरची पट्टी, फळीच्याच पातळीत. पुढे-मागे धरली तर माप चुकतं.

मग एकेक भोक.

४ भोकं गोल, स्वच्छ, १२ ते १४ मिमी. एंडोस्कोप घातला तर दीड-दोन सेंटिमीटरवर भोक काटकोनात वळतं आणि रेषांना धरून पुढे जातं. हे लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याचं काम. गोळी अशी वळत नाही.

३ भोकं आतून चौकोनी. गेलेल्या खिळ्यांची. खिळ्यांच्या ओळींवर दोरा धरला तर तिन्ही बरोबर ओळीत येतात.

उरली ४. व्यास साडेसात ते आठ मिमी, कडा आत दबलेल्या. तिघांच्या आतल्या बाजूला लाकडाच्या चिंध्या सुटलेल्या, म्हणजे बाहेरून आत. चौथ्याच्या चिंध्या बाहेरच्या बाजूला. ते भोक दिंडीच्या वर वीतभर, जमिनीपासून १.६१ मीटर.

एकूण तीन बाहेरून, एक आतून. दोन्ही सांग्यांना हे चालण्यासारखं आहे, आणि दोन्हींच्या माणसांना ते आज संध्याकाळीच कळलं.

गोळी कोणाची, हे मापावरून ठरवता येईल असं पुष्कळांना वाटतं. येत नाही. .३०३ ची गोळी ७.९ मिमीची, सागवानात भोक त्याच्या आसपास किंवा तंतू परत फुगून किंचित लहान राहतं. पण .३०३ रायफल भारतीय सैन्याकडे होती तशीच निजामाच्या फौजेकडेही होती, दोन्ही फौजा ब्रिटिश पठडीतल्या. भोक फार तर रायफलीचं आहे एवढं सांगतं, रायफल कोणाच्या हातात होती ते नाही. भोकात तार किंवा सळई घालून ‘दिशा’ दाखवायचा मोह होतो. घालू दिली नाही. आतले तंतू एकदा चेपले की तो पुरावा गेला.

एक फोटो काढून पुसला. तिन्हीसांजेला, फ्लॅश जमिनीवर ठेवून, खालून वर. दरवाजा अंगावर येतो, भीती वाटते. फलकावर तो लावला असता तर खाली एक शब्दही न लिहिता पहिली सांगी खरी ठरली असती.

५ जानेवारी, रविवार. आग्नेय बुरूज

‘तोफेनं पडला’ असं सगळेच सांगतात, दोन्हीकडचे. ढासळलेल्या कोपऱ्याचे फोटो ११:३० ते १२, तिरप्या उन्हात, २४ मिमी टिल्ट-शिफ्टनं, कॅमेरा लेव्हलमध्ये आणि लेन्स वर सरकवून, म्हणजे उभ्या रेषा उभ्या राहतात. कॅमेरा वर वाकवून काढला असता तर बुरूज मागे झुकल्यासारखा दिसला असता, आणि इथे झुकाव हाच प्रश्न आहे.

फोटोत जे दिसतं ते असं. भिंत दोन पदरी: बाहेर घडीव दगड, आत अनघड, मध्ये माती आणि कपच्या. दोन पदर बांधणारे आरपार दगड कुठेच नाहीत. बाहेरचा पदर एका सलग चादरीसारखा सुटून पडलाय, आतला उभा आहे. उरलेल्या बाहेरच्या पदराला पोट आलंय. दगडांवर फुटण्याच्या ताज्या, फिक्या खुणा नाहीत, काजळी नाही, आत घुसलेला खड्डा नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर-धाराशिवकडच्या दगडमातीच्या भिंती अशाच पडल्या: पदर सुटले आणि बाहेरचा कोसळला. तोफगोळा भिंतीत खड्डा करतो, पदर सोलत नाही.

तरी ‘भूकंपात पडला’ असं आम्ही लिहिणार नाही. ‘पदर सुटून पडलेला, फुटल्याच्या खुणा नाहीत’ असं लिहू. कधी पडला याचा कागद मिळाला तर पुढचं वाक्य.

ईशान्य बुरुजाच्या तिसऱ्या थरावर आग्या मोहोळ. काठी तिकडे न्यायची नाही, फ्लॅश मारायचा नाही, ड्रोनचा तर विचारही नाही; पंख्याच्या घरघरीनं आणि वाऱ्यानं माश्या उठतात आणि खाली पोरं खेळत असतात. तो भाग बाकी.

११ जानेवारी, शनिवार. माजघर आणि बळद

दुसऱ्या सांगीतली माणसं लपली ती इथे, असं सांगतात. बळद म्हणजे जाड भिंतीतच ठेवलेली धान्याची कोठी, वरून भरायची. आतलं माप १.१ बाय २.४ मीटर, उंची १.९. तोंड ५५ सेंटिमीटरचं. हात-पाय आखडून ४-५ माणसं बसू शकतील एवढी जागा. बसली होती की नाही, ते जागा सांगत नाही.

दार उघडं असताना उंबऱ्यावरचा उजेड आणि आतला अंधार यांत १२ स्टॉपहून जास्त फरक (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). एका एक्सपोजरमध्ये बसत नाही. ५ फोटो, दोन-दोन स्टॉपच्या अंतरानं, ट्रायपॉडवर, एफ ११, आयएसओ १००. सगळ्यात लांबचं एक्सपोजर ३० सेकंद. जोडताना हात आखडता ठेवला. सॉफ्टवेअरच्या नेहमीच्या सेटिंगनं जोडलं तर अंधाऱ्या खोलीचा दिवाणखाना होतो, कोपरे उजळतात, आणि खोली तशी नाही. जोडलेला फोटो आणि मधला एक साधा फोटो, दोन्ही जपायचे.

वटवाघळांना त्रास नको म्हणून फ्लॅश नाही. मास्क घालूनच. जमिनीवर झाडू मारायचा नाही. धूळ उडते आणि श्वासात जाते, शिवाय जमिनीवरची प्रत्येक गोष्ट जिथे आहे तिथेच राहायला हवी.

१२ जानेवारी, रविवार. कचेरी: तुळईवरचा आकडा

कचेरीच्या मधल्या तुळईवर, जमिनीपासून २.६ मीटरवर, टाकीनं कोरलेला उर्दू आकडा आहे, लांबी ९ सेंटिमीटर. त्यावर ऑइल पेंटचे किमान दोन हात. खालून वाचला तर १३५७ वाटतो. पहिल्या सांगीचे लोक याला ठाण्याचा दाखला मानतात: फसली, म्हणजे निजामाच्या राज्यातलं महसुली साल, १३५७ म्हणजे ऑक्टोबर १९४७ ते ऑक्टोबर १९४८.

पण उर्दूत २ आणि ३ यांत फरक एका दात्याचा. २ ला वर एक खाच, ३ ला दोन. रंगाचा एक ओघळ दुसऱ्या खाचेसारखा दिसू शकतो. १२५७ असेल तर फसली धरून १८४७ च्या आसपास, म्हणजे कदाचित वाडा बांधल्याचं साल. दुसरा गोंधळ असा की आकडा हिजरीही असू शकतो. हिजरी १३५७ म्हणजे मार्च १९३८ ते फेब्रुवारी १९३९, आणि १२५७ म्हणजे १८४१. १९३८ हेही इथे साधं साल नाही. हैदराबाद संस्थानातला सत्याग्रह त्याच वर्षीचा. थोडक्यात, एक दाता आणि आकड्यापुढचं एक अक्षर यांवर चार वेगवेगळी सालं टांगलेली. फसलीला फे लावतात, हिजरीला हे. ते अक्षर असायला हवं तिथे कधीकाळी विजेच्या मीटरचा बोर्ड ठोकलेला होता, आता त्याचे दोन खिळे आणि खरवडलेला चौकोन.

फिरता उजेड हीच पद्धत इथे उपयोगाची. कॅमेरा पक्का, उजेड वेगवेगळ्या ४८ जागांवरून, शेजारी दोन काळे चकचकीत गोळे. गोळ्यांवरच्या चमकेवरून सॉफ्टवेअर प्रत्येक वेळची उजेडाची दिशा काढतं. उजेडाचं अंतर विषयाच्या रुंदीच्या चौपट: विषय १५ सेंटिमीटर, म्हणून फ्लॅशला ६० सेंटिमीटरचा दोरा बांधला आणि दर वेळी ताणून धरला.

पहिला संच वाया गेला. कचेरीची जमीन लाकडी. फ्लॅश धरणारा एक पाऊल हलला की ट्रायपॉड हलतो आणि ४८ फोटो एकमेकांवर बसत नाहीत.

१८ जानेवारी, शनिवार. तुळई, दुसरी खेप

ट्रायपॉड सोडला. कॅमेरा शेजारच्या तुळईलाच शिकंजानं आवळला, मध्ये रबर आणि जाड फडकं, म्हणजे लाकडावर वळ नाही. कॅमेरा आणि विषय एकाच सांगाड्यावर, त्यामुळे हलले तरी बरोबर हलतात. शटर मोबाईलवरून. ४८ पैकी ४६ उत्तम जुळले.

पडद्यावर रंग बाजूला ठेवून नुसता पृष्ठभाग पाहिला. दुसरी खाच कोरलेली आहे. तिचा तळ व्ही आकाराचा, कडा सरळ, खोली पहिल्या खाचेइतकीच, टाकीच्या एकाच रुंदीची. ओघळ आहे, पण तो खाचेच्या बाजूला उतरलाय, खाच त्यानं केलेली नाही. म्हणजे १३. १८४१ आणि १८४७ गेले.

पुढचं अक्षर: खरवडलेल्या चौकोनात खाली काहीच उरलेलं नाही. लाकूड दीड मिमी खोल तासलंय. ८५० नॅनोमीटरच्या इन्फ्रारेड फिल्टरनं ३ फोटो घेतले. रंगाखाली काजळीची रेघ असती तर ती काळी उठली असती. नाही उठली. १३५७, एवढंच.

२५ जानेवारी, शनिवार. पेटीतले कागद

महसुलाच्या पावत्या, उर्दू आणि मोडी, ६३. एक जुना फोटो, दरवाजापुढे उभी माणसं, तारीख नाही. पावत्या सपाट काचेखाली, दोन दिवे ४५ अंशांवर. चकचकीत फोटोसाठी दिव्यांवर आणि लेन्सवर आडवे-उभे ध्रुवीकरण फिल्टर, म्हणजे चमक जाते. प्रत्येक कागदाची मागची बाजूही. शिक्का आणि पेन्सिलीच्या खुणा बहुधा मागेच असतात.

जुन्या फोटोतला कॅमेरा कुठे होता ते शोधलं. कमानीची डावी कड आणि बुरुजाचा पहिला थर यांची जुळणी जुन्या प्रिंटवर मोजली आणि त्या जुळणीपर्यंत मागे-पुढे सरकत गेलो. जागा आज गोठ्याच्या दारात येते. तिथून नवा फोटो. जुन्यात आग्नेय बुरूज पूर्ण उभा, दरवाजाच्या खिळ्यांच्या सातही ओळी भरलेल्या. माणसांचे चेहरे फलकावर दाखवायचे नाहीत असं हिस्सेदारांनी सांगितलं. फक्त दरवाजाचा भाग कापून घेतला आणि कापला आहे असं खाली लिहिलं.

२ फेब्रुवारी, रविवार. फलकांचा मजकूर, वाचन

दोन्हीकडची मिळून ९ माणसं ओसरीवर बसली. प्रत्येक फोटोखाली तीन भाग: दिसतं ते, मोजलं ते, सांगतात ते. तिसऱ्या भागात दोन्ही सांग्या, सारख्या अक्षरात, सारख्या ओळींत. कोणती आधी, यावरून पाऊण तास गेला. शेवटी फलकागणिक आलटून-पालटून.

शब्दांवर जास्त वेळ. ‘मुक्तिसंग्राम’ हा शब्द सगळ्यांना मान्य, पण १७ सप्टेंबरनंतरच्या दिवसांसाठी तो वापरायला एका चाचांनी विरोध केला: ‘मुक्ती सतराला झाली. पुढचे पंधरा दिवस काय झालं, त्याला तुमच्याकडं शब्द आहे का?’ कुणी उत्तर दिलं नाही. तिथे ‘अ‍ॅक्शननंतरचे दिवस’ असं लिहिलं. ‘अड्डा’ काढून ‘ठाणं’ केलं. पहिल्या सांगीच्या एका बापूंनी दिंडीवरचं आतून झाडलेलं भोक गाळा म्हटलं, नंतर स्वतःच म्हणाले, राहू द्या.

भुंग्याच्या आणि खिळ्यांच्या भोकांवर मात्र दोन्ही बाजू सारख्याच नाराज. अकरा ऐकत मोठे झालेल्यांना चारच असणं कमी वाटतं. गोळीच्या चारही भोकांचे मॅक्रो फोटो, एंडोस्कोपचे फोटो आणि भुंग्याच्या भोकाचा एक फोटो शेजारी लावायचं ठरलं, म्हणजे ज्याला पाहायचंय तो स्वतः पाहील.

तुळईच्या फलकाचा मजकूर: ‘तुळईवर उर्दू आकडा १३५७. पुढचं अक्षर तासलं गेलं आहे. फसली असल्यास १९४७-४८, हिजरी असल्यास १९३८-३९.’

९ फेब्रुवारी, रविवार. सुपूर्द

रॉ (कॅमेऱ्यातल्या मूळ) फाईली १,०८४, सुमारे ५४ जीबी. प्रत्येकीचा चेकसम (फाईलीत काही बदललं तर बदलणारा आकडा) काढून यादी छापली. तीन प्रती: हिस्सेदारांकडे एक, शाळेत एक, एक बाहेरगावी. फाईलच्या नावात जागा, दिशा, तारीख आणि क्रमांक एवढंच. ‘रझाकार’, ‘कत्तल’, ‘गोळी’ असले शब्द नावात घातलेले नाहीत, कारण फाईल कुणीतरी पुढे पाठवतं तेव्हा नाव बरोबर जातं, मजकूर मागे राहतो.

बाकी काम. ईशान्य बुरुजाचा तिसरा थर, मोहोळ उठून गेल्यावर. उत्तरेची बाहेरची भिंत: हिवाळ्यात तिच्यावर ऊन पडतच नाही. मेच्या मध्यानंतर सूर्य इथल्या माथ्याच्या उत्तरेला सरकतो. २५ मेच्या सुमारास सकाळी ७ ला ऊन त्या भिंतीशी १७ अंशांनी, ९ ला ९ अंशांनी पडेल. जून उजाडला की ढग. तेव्हा मेचा शेवटचा आठवडा, आणि त्याआधी उत्तरेच्या सोप्याला लाकडी टेकू.